वाचलेलं लक्षात राहावं म्हणून: आठवण्याचा सराव कसा करायचा

धडा तीनदा वाचला, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या, वाचताना सगळं समजतही होतं. चार दिवसांनी कुणी त्यातलं काही विचारलं, तर दोन वाक्यांपुढे गाडी सरकत नाही. असं झालं की माणूस आपल्या डोक्याला दोष देतो, पण दोष बहुतेक वेळा अभ्यासाच्या पद्धतीचा असतो. तिसऱ्या वाचनाला मजकूर ओळखीचा झालेला असतो आणि ओळखीचं झालं म्हणजे आपल्याला आलं, अशी मनाची समजूत होते. रस्त्यात भेटलेल्या माणसाचा चेहरा ओळखीचा वाटतो आणि नाव काही केल्या आठवत नाही, तेव्हा ओळखणं आणि आठवणं यांतलं अंतर नेमकं कळतं. परीक्षेत, मुलाखतीत, कामावर लागतं ते आठवणं, आणि आठवण्याचा सराव आठवूनच होतो.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे फार साध्या प्रयोगातून दाखवलं. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो पहिल्या सत्रातच वाचला आणि उरलेल्या तिन्ही सत्रांत उताऱ्याकडे न बघता आठवेल ते कागदावर उतरवलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता: त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने चित्र उलटं झालं. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं, लिहिणाऱ्यांकडे ६१. आणि आपल्याला जास्त आठवेल अशी खात्री वाचणाऱ्या गटालाच होती. हा प्रयोग नवख्याने मनात पक्का ठेवावा, कारण पुढची प्रत्येक पद्धत करताना ‘आपल्याला काहीच येत नाहीये’ असं वाटणार आहे. अभ्यास सोपा वाटतो तेव्हा तो टिकत नसतो आणि जड जातो तेव्हा बहुधा टिकत असतो.

सुरुवात कोऱ्या कागदापासून

साधनं तीन: पुस्तक, कोरे कागद आणि वेगळ्या रंगाचं एक पेन. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. नुसता पालथा घालून ठेवलेला फोनही लक्ष ओढतो, आणि जे लक्ष देऊन घेतलंच नाही ते विसरण्याचा प्रश्नच येत नाही.

वीस-पंचवीस मिनिटांत वाचून होईल एवढाच भाग घ्या, साधारण चार ते सहा पानं. एकदा सावकाश वाचा. हातात पेन घेऊ नका, कारण पेन असलं की रेघा मारल्या जातात आणि रेघ मारली की काम झाल्यासारखं वाटतं. वाचून झालं की पुस्तक मिटून हाताला येणार नाही अशा जागी ठेवा. आता कोऱ्या कागदावर आठवेल ते सगळं दहा मिनिटं लिहा. क्रम चुकला तरी चालेल, वाक्यं तुटकी चालतील; बाण काढा, आकृत्या काढा.

तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला ‘संपलं, आता काही आठवत नाही’ असं होतं. बहुतेक लोक इथेच पुस्तक उघडतात आणि पद्धतीचा निम्मा फायदा घालवतात. त्या अडलेल्या जागी थोडं थांबा. मथळे कोणते होते? आकृती पानाच्या कुठल्या बाजूला होती? ‘याचं कारण असं की’ असं कुठे म्हटलं होतं? असे प्रश्न स्वतःला विचारले की दबलेल्या गोष्टी एकेक करून वर येतात. तरीही आलं नाही, तर तिथे रिकामी चौकट काढून पुढे जा.

दहा मिनिटं झाली की पुस्तक उघडा आणि दुसऱ्या रंगाच्या पेनाने सुटलेलं भरा, चुकलेलं दुरुस्त करा. ही तपासणी टाळता येत नाही. चुकीचं उत्तर तपासल्याशिवाय चार वेळा आठवलं, तर ते चुकीचं उत्तरच पक्कं होतं. तपासलेला कागद तारीख टाकून ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता, कालचा कागद न बघता नवा कागद घ्या आणि तोच भाग पुन्हा लिहा. या वेळी पाच मिनिटं पुरतात. काल दुसऱ्या रंगात भरावं लागलेलं आज आपल्या हाताने आलं का, तेवढं बघा. जे आजही आलं नाही, त्याची चिठ्ठी करायची.

एक उदाहरण जवळून बघू. समजा भाग रक्ताभिसरणाचा आहे. पहिल्या कागदावर साधारण एवढं उतरतं: रक्त उजव्या बाजूने फुप्फुसांकडे जातं, डाव्या बाजूने शरीरभर जातं, चार कप्पे आहेत, मध्ये झडपा आहेत. तपासताना दिसतं की रक्त आधी अलिंदात, म्हणजे वरच्या कप्प्यात येतं आणि मग निलयात, म्हणजे खालच्या कप्प्यात उतरतं हा क्रम सुटला. आणखी एक गोष्ट हमखास चुकलेली असते. ‘धमनीत ऑक्सिजनयुक्त रक्त असतं’ असं सरसकट लिहून टाकलेलं असतं. खरं तर हृदयापासून रक्त दूर नेणारी ती धमनी. म्हणून फुप्फुसांकडे जाणारी वाहिनीही धमनीच, पण तिच्यातल्या रक्तात ऑक्सिजन कमी असतो. वाचताना हे वाक्य डोळ्यांखालून सहज गेलं होतं. कोऱ्या कागदाने ते पकडून दिलं.

चिठ्ठ्या कशा लिहायच्या

चिठ्ठी म्हणजे एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर. ए-फोर कागदाचे आठ तुकडे केले की हवा तेवढा आकार मिळतो. कागद थोडा जाड घ्या, नाहीतर मागचं उत्तर पुढून दिसतं.

चिठ्ठ्यांची पद्धत जिथे फसते, तिथे ती बहुतेक वेळा चिठ्ठी वाईट लिहिल्यामुळे फसते. वाईट चिठ्ठीचा नमुना असा: पुढे ‘हृदय’, मागे अकरा ओळी. ती उलटताना अकरापैकी सहा ओळी आठवतात आणि मग आली म्हणायची की नाही हेच ठरत नाही. तिचे तुकडे असे करा:

‘शरीरभरातून परत आलेलं रक्त हृदयाच्या कोणत्या कप्प्यात शिरतं?’ मागे: उजवं अलिंद.

‘डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षा जाड का?’ मागे: डाव्याला रक्त सगळ्या शरीरभर ढकलायचं असतं, उजव्याला फक्त फुप्फुसांपर्यंत.

‘फुप्फुसांकडे जाणाऱ्या धमनीतलं रक्त इतर धमन्यांतल्या रक्तापेक्षा वेगळं कसं?’ मागे: त्यात ऑक्सिजन कमी असतो.

एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, आणि उत्तर आठ-दहा सेकंदांत सांगून होईल एवढं. हो-नाही उत्तराचे प्रश्न टाळा, कारण अंदाजाने निम्मे बरोबर येतात. मधल्या चिठ्ठीतला ‘का’ फार मोलाचा आहे. कारण माहीत असलेली गोष्ट एकटी राहत नाही. डाव्या निलयाचं काम लक्षात राहिलं की त्याची भिंत जाड असणार हे आपोआप निघतं. म्हणून प्रत्येक भागातल्या काही चिठ्ठ्या तरी ‘का’ आणि ‘कसं’ विचारणाऱ्या हव्यात.

परक्या भाषेचे शब्द असतील तर दोन चिठ्ठ्या लागतात, एक तिकडून इकडे आणि दुसरी इकडून तिकडे. वाचताना शब्द कळणं आणि बोलताना तो सुचणं ही दोन वेगळी कामं आहेत. सारखे दिसणारे किंवा सारख्या अर्थाचे शब्द एकाच दिवशी घेऊ नका. पहिला पक्का झाल्यावर चार-पाच दिवसांनी दुसरा आणा. नाहीतर दोन्ही एकमेकांत असे गुंततात की सोडवायला महिना लागतो.

आणि न समजलेल्या गोष्टीची चिठ्ठी करूच नका. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उतरवून पाठ केलं की ते त्या वाक्यापुरतंच येतं. प्रश्न जरा फिरवून आला की बोबडी वळते. आधी स्वतःच्या शब्दांत, विषय माहीत नसलेल्या माणसाला सांगतोय असं मोठ्याने सांगून बघा. जिथे ‘म्हणजे ते असं काहीतरी असतं’ असं तोंडून निघतं, तिथे समजलेलं नाही.

उजळणी किती दिवसांनी?

विसरण्याचं मोजमाप पहिल्यांदा केलं हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने. त्याने स्वतःवरच प्रयोग केले. अर्थाचा आधार मिळू नये म्हणून निरर्थक अक्षरगट पाठ केले, मग ठरावीक वेळाने तेच पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजलं आणि १८८५ मध्ये निष्कर्ष छापले. एका तासाने निम्म्याहून कमी बचत होत होती, एका दिवसाने साधारण एक-तृतीयांश आणि महिन्याने एक-पंचमांश. उतार सुरुवातीला कड्यासारखा आणि पुढे सपाट होत जाणारा आहे. यातून दोन गोष्टी निघतात: पहिली उजळणी लवकर हवी आणि नंतरच्या उजळण्यांमधलं अंतर वाढवत नेता येतं.

अंतर किती ठेवायचं हे गोष्ट किती दिवस टिकायला हवी त्यावर ठरतं. आठवड्याने लागणार असेल तर एक-दोन दिवसांचं अंतर, महिन्याने लागणार असेल तर आठ-दहा दिवसांचं, वर्षभराने लागणार असेल तर तीन-चार आठवड्यांचं, असा ढोबळ हिशोब धरा. लांब अंतराची ताकद लोकांना खरी वाटत नाही. हॅरी बाहरिक आणि त्यांच्या कुटुंबातले तिघे अशा चौघांनी स्वतःवरच परकीय शब्द पाठ करण्याचा प्रयोग वर्षानुवर्षं केला आणि १९९३ मध्ये तो प्रसिद्ध केला. ५६ दिवसांच्या अंतराने केलेल्या १३ उजळण्यांनी जेवढं टिकलं, तेवढंच १४ दिवसांच्या अंतराने केलेल्या २६ उजळण्यांनी टिकलं. म्हणजे निम्म्या कष्टांत तेवढंच फळ.

हे सगळं रोज डोक्यात ठेवायला नको म्हणून डबा. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७० च्या दशकात ही पद्धत लोकांपर्यंत नेली. बुटांचं खोकं घ्या आणि पुठ्ठ्याने त्यात पाच कप्पे करा. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात जाते. उत्तर बरोबर आलं की ती पुढच्या कप्प्यात, चुकलं की कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दर तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने बघायचा. कोणत्या दिवशी कोणता कप्पा, हे कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा. पाचव्यातूनही बरोबर निघालेली चिठ्ठी बाहेर काढून वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी एकदा चाळा.

चिठ्ठी हातात घेतल्यावर उत्तर मोठ्याने म्हणा किंवा लिहा, मगच उलटा. मनातल्या मनात ‘हो हो, हे येतं’ म्हणून उलटणं ही या पद्धतीतली सर्वांत मोठी चोरी आहे आणि ती प्रत्येक जण करतो. उत्तर आठवत नसेल तर दहा-पंधरा सेकंद झगडा, मग उलटा. अर्धवट उत्तर आलं तर ते चूक धरा. स्वतःला सवलत दिलेल्या चिठ्ठ्या चौथ्या-पाचव्या कप्प्यात जाऊन कोऱ्या निघतात.

रोज नव्या चिठ्ठ्या किती घालायच्या? दहा. हा आकडा कमी वाटतो, म्हणून हिशोब करून बघा. प्रत्येक चिठ्ठी पाच कप्प्यांतून पाच वेळा हातात येते. रोज दहा नव्या घातल्या तर साधारण दोन महिन्यांनी रोजच्या पन्नास उजळण्या होतात आणि चुकून मागे आलेल्या धरून साठ-सत्तर. दहा सेकंदाला एक या वेगाने दहा-बारा मिनिटं. हे कुणालाही जमतं. उत्साहाच्या भरात पहिल्या आठवड्यापासून रोज चाळीस घातल्या, तर दोन महिन्यांनी रोज अडीचशेच्या वर चिठ्ठ्या समोर येतात, पाऊण तास जातो आणि तिथेच बहुतेकांचा डबा माळ्यावर पडतो.

एक खूण लक्षात ठेवा. दर पाच चिठ्ठ्यांमागे एकाहून जास्त चुकत असेल तर नव्या थांबवा आणि चुकणाऱ्या चिठ्ठ्या पुन्हा लिहा. एखादी चिठ्ठी चार-पाच वेळा पहिल्या कप्प्यात परत आली असेल तर ती फाडा. दोष चिठ्ठीत आहे: तिच्यात दोन गोष्टी आहेत, किंवा ती दुसऱ्या चिठ्ठीसारखी आहे, किंवा मूळ मुद्दाच समजलेला नाही.

फोनवर करायचं असेल तर अँकी हे ॲप हेच काम करतं आणि अंतराचा हिशोब स्वतः ठेवतं. त्यात नव्या चिठ्ठ्यांची दैनंदिन मर्यादा मुळात वीस असते, ती दहावर आणा. उत्तरासाठी चार बटणं असतात: अगेन, हार्ड, गुड, ईझी. ‘हार्ड’ म्हणजे आठवलं, पण कष्टाने. विसरलेलं असताना ‘हार्ड’ दाबलं की ॲप ते बरोबर धरतं आणि पुढचा सगळा हिशोब बिघडतो. विसरलं तर ‘अगेन’, आठवलं तर ‘गुड’, एवढी दोनच बटणं नवख्याला पुरेत. दुसऱ्यांनी बनवलेले हजारो चिठ्ठ्यांचे तयार गठ्ठे मिळतात. शब्दसंग्रह सोडला तर ते घेऊ नका. प्रश्न तयार करताना अर्धा अभ्यास होऊन जातो, तो कुणाकडून उसना घेता येत नाही.

गणितासारखे विषय

सूत्र पाठ असणं आणि समोरच्या उदाहरणाला कोणतं सूत्र लावायचं हे कळणं, यात फार अंतर आहे. पुस्तकात एका धड्याखाली एकाच प्रकारची वीस उदाहरणं असतात, त्यामुळे सूत्र निवडण्याची वेळच येत नाही. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये विद्यार्थ्यांना चार घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका आकृतीची उदाहरणं सलग सोडवली, दुसऱ्याने सरमिसळ करून. सराव चालू असताना सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर होती, सरमिसळवाल्यांची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलगवाले २० टक्क्यांवर आले, सरमिसळवाले ६३ वर राहिले.

नवा प्रकार शिकताना पहिली तीन-चार उदाहरणं सलग सोडवायला हरकत नाही. रीत हाताला बसायला हवी. नंतर मात्र आजची चार आणि मागच्या तीन-चार धड्यांतली सहा-आठ उदाहरणं वेगवेगळ्या तुकड्यांवर धड्याचं नाव न लिहिता उतरवा, पिसा आणि येईल ते सोडवा. सोडवायला लागण्याआधी ‘हे कोणत्या प्रकारचं, आणि कशावरून?’ हे एका ओळीत लिहा. चुका वाढतील. त्या ओळी मागाहून वाचल्या की आपण कोणत्या दोन प्रकारांत गल्लत करतो ते स्पष्ट दिसतं.

ज्याला कारण नाही, असं काही पाठ करायचं असेल तर

क्रमवारी, आकडे, नावं, परके शब्द यांत ‘का’ विचारून काही हाती लागत नाही. इथे स्मरणाच्या जुन्या युक्त्या कामाला येतात. त्यांची हद्द आधी सांगायला हवी: त्या समज वाढवत नाहीत. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एका विद्यार्थ्याने २३० तासांच्या सरावाने, एकदाच ऐकून आठवता येणाऱ्या अंकांची संख्या ७ वरून ७९ वर नेली. तो धावपटू होता आणि अंकांचे तीन-चारचे गट करून ते शर्यतींच्या वेळा म्हणून लक्षात ठेवत असे. अंकांऐवजी अक्षरं दिली, तेव्हा तो पुन्हा सहाच्या आसपास आला. त्याची ‘स्मरणशक्ती’ वाढली नव्हती, अंक बांधायची कला आली होती. म्हणून एकूणच स्मरणशक्ती वाढवून देण्याचं वचन देणाऱ्या खेळांवर वेळ घालवू नका. जे लक्षात ठेवायचं आहे, त्याचाच सराव करा.

क्रमासाठी सर्वांत भरवशाची युक्ती म्हणजे ओळखीच्या जागा. तिचं श्रेय प्राचीन ग्रीक कवी सिमोनिडीसला दिलं जातं. घरातून एका ठरलेल्या वाटेने डोळे मिटून चाला आणि दहा जागा ठरवा: दार, पायपुसणं, सोफा, खिडकी, टेबल, फ्रिज अशा. दोनदा पुढून, एकदा उलट चालून बघा. कुठे अडखळलात तर ती जागा बदला. एकसारख्या जागा, म्हणजे चार सारख्या खुर्च्या किंवा तीन सारखी दारं, घेऊ नका. मग प्रत्येक जागी एक चित्र ठेवा. मूलद्रव्यांचा क्रम घेऊ. दाराच्या मुठीतून पाणी उसळतंय आणि बाही भिजतेय: हायड्रोजन, पाण्यातला घटक. पायपुसण्यावर पाय टाकताच ते फुग्यासारखं छताला जाऊन चिकटलं: हेलियम. सोफ्यावर बसलात तर खाली फोनची तापलेली बॅटरी: लिथियम. खिडकीची काच हिरवीगार, पाचूची: बेरिलियम, कारण ते पाचूत असतं. टेबलावर उकळत्या पाण्याचं काचपात्र, तरी तडा नाही: बोरॉन, कारण उष्णता सोसणाऱ्या काचेत ते घालतात. फ्रिज उघडला तर आत काठोकाठ कोळसा: कार्बन.

चित्र नुसतं ठेवलं तर निसटतं. ते जागेशी भिडलं पाहिजे, काहीतरी करत असलं पाहिजे, आणि हाताला, नाकाला जाणवलं पाहिजे. प्रत्येक जागी सुरुवातीला पाच-सात सेकंद थांबा. एकाच दिवशी त्याच वाटेवर दुसरी यादी ठेवली की जुनी चित्रं आडवी येतात, म्हणून दोन-तीन वाटा तयार ठेवा. सराव केला तर ही युक्ती कुणालाही येते. २०१७ च्या एका अभ्यासात साध्यासुध्या माणसांनी रोज अर्धा तास असा ४० दिवस सराव केला आणि ७२ शब्दांच्या यादीतले आठवणारे शब्द सरासरी २६ वरून ६२ वर नेले. चित्रंही विसरतात, हे मात्र ध्यानात ठेवा. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आठवड्याने त्या वाटेने मनात चालून यावंच लागतं.

आकड्यांसाठी देवनागरी वाचणाऱ्याच्या हाताशी एक सुंदर साधन आहे: कटपयादी, म्हणजे प्रत्येक व्यंजनाला एक अंक देण्याची जुनी रीत. क पासून ञ पर्यंत १ ते ९ आणि ०, ट पासून न पर्यंत पुन्हा १ ते ९ आणि ०, प फ ब भ म म्हणजे १ ते ५, आणि य र ल व श ष स ह म्हणजे १ ते ८. काना, मात्रा, अनुस्वार मोजायचे नाहीत. जोडाक्षरात शेवटचं व्यंजन धरायचं. जुन्या ग्रंथांत अंक उजवीकडून डावीकडे वाचत, पण स्वतःपुरतं डावीकडून उजवीकडे वाचलं तरी चालतं. एकदा ठरवलं की बदलू नका. समजा आकडा ४२५२७७८६ आहे. दोन-दोनचे गट करा. ४२ म्हणजे घ-र, घर. ५२ म्हणजे म-र, मोर. ७७, ससा. ८६, हात. घराच्या छपरावर मोर, मोराच्या पाठीवर ससा, सशाच्या कानांच्या जागी दोन हात. आठ अंकांचं एक चित्र झालं. तक्ता पक्का व्हायला आठवडाभर रोज दहा मिनिटं पुरतात: दिसेल तो शब्द घ्या आणि त्याचा आकडा सांगा. राजा २८, सिंह ७८, नदी ०८.

परक्या शब्दासाठी त्याच्या आवाजाशी जुळणारा आपला शब्द शोधा आणि दोघांचं एक चित्र करा. स्पॅनिशमध्ये ‘मेसा’ म्हणजे टेबल. टेबलावर चढून बसलेली म्हैस आणि तिच्या वजनाने वाकलेले टेबलाचे पाय. चार-पाच वेळा शब्द वापरला गेला की चित्र आपोआप गळून पडतं. ते जपायची गरज नाही.

माणसांच्या नावांचं सोपं आहे. नाव नीट ऐकलं का ते बघा, नसेल तर लगेच पुन्हा विचारा, बोलताना एकदा वापरा आणि निघाल्यावर मिनिटभराने आठवा. बहुतेक वेळा नाव विसरलेलं नसतं, ऐकलेलंच नसतं.

झोप आणि दिवसाची आखणी

जॉन जेन्किन्स आणि कार्ल डॅलेनबाख यांनी १९२४ मध्येच दाखवलं होतं की पाठ केल्यानंतर माणूस झोपला, तर तेवढ्याच वेळ जागं राहण्यापेक्षा विसरणं बरंच कमी होतं. झोपेत शिकलेलं घट्ट होतं, म्हणून रात्र जागून केलेला अभ्यास दुहेरी तोट्याचा: आजचं घट्ट होत नाही आणि उद्या नवं नीट आत जात नाही. डब्याचं काम सकाळी करायचं की रात्री, याने फार फरक पडत नाही; रोज ठरावीक वेळी, दुसऱ्या एखाद्या पक्क्या सवयीला जोडून करा.

पहिला आठवडा फक्त कोऱ्या कागदाचा ठेवा. दुसऱ्या आठवड्यात डबा सुरू करा, रोज पाच चिठ्ठ्या. तिसऱ्यापासून दहा. जागांची वाट किंवा कटपयादी महिन्यानंतर, आणि तीही खरंच यादी किंवा आकडे पाठ करायचे असतील तरच. सगळं एकदम सुरू केलं की सगळं एकदम सुटतं.

आणि मध्ये खंड पडणारच. आठ-दहा दिवस डबा उघडला नाही, आता दीडशे चिठ्ठ्या तुंबल्यात, अशा वेळी एका बैठकीत सगळ्या संपवायला जाऊ नका. शेवटच्या साठ चिठ्ठ्या नुसत्या उलटल्या जातात. नव्या पूर्ण थांबवा. तुंबलेल्यांपैकी रोज तीस घ्या, आधी पहिल्या-दुसऱ्या कप्प्यातल्या, कारण त्याच सर्वांत वेगाने विसरतात. चौथ्या-पाचव्यातल्या चार दिवस थांबू शकतात. उशिरा बघूनही बरोबर आलेली चिठ्ठी नेहमीसारखी पुढच्या कप्प्यात टाका. तिने मोठं अंतर सोसलंय, म्हणजे ती चांगली पक्की आहे. ढीग संपला की पाच नव्यांपासून पुन्हा सुरुवात करा.